ब्लूबेलच्या रानात बुंदीला मोकळं सोडावं का?

पायवाट | २७ एप्रिल

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडच्या आग्नेयेला, वील्ड म्हणतात त्या पट्ट्यात राहतो. घरापासून वीस मिनिटांवर एक जुनं रान आहे. जुनं म्हणजे इथल्या व्याख्येप्रमाणे 'एन्शंट वुडलंड': इंग्लंडमध्ये निदान १६०० सालापासून जिथे सलग रान आहे अशी जागा. मधून एक सार्वजनिक पायवाट जाते. गेली तीन वर्षं रोज सकाळी मी आणि आमची बुंदी तिथे जातो. बुंदी कॉकर स्पॅनियल आहे, साडेतीन वर्षांची. हाकेला येते, म्हणजे मी तसं धरून चालले होते.

गेल्या रविवारी ब्लूबेल अगदी भरात होत्या. जमिनीवर निळं पाणी साचलंय असं वाटावं इतक्या. नेहमीप्रमाणे मी वाटेवर पट्टा काढला. बुंदी थोडी पुढे गेली, थबकली, नाक वर केलं आणि सरळ फुलांत घुसली. मी शिटी वाजवली, ती आली नाही. मग पाचोळ्यातून पाचोळ्याच्याच रंगाचा एक पक्षी फडफडत उठला आणि खोडांमधून नागमोडी उडत दिसेनासा झाला. मी बुंदीला धरायला धावले, तेव्हा ती एका जागी नाक खुपसून उभी होती. पानांत ओंजळीएवढा खोलगट भाग आणि त्यात चार अंडी. मळकट पिवळसर, तपकिरी ठिपक्यांची. बुंदीने तोंड लावलं नव्हतं. तिला उचलून मी तशीच मागे फिरले.

वाटेवर एक वयस्क बाई भेटल्या, त्यांनी माझ्या वर्णनावरून तो वुडकॉक असल्याचं सांगितलं. हेही सांगितलं की कॉकर हे नावच वुडकॉकवरून पडलंय, या पक्ष्याला उठवण्यासाठीच ही जात तयार केली. म्हणजे बुंदीने काही चुकीचं केलं नाही, तिच्या रक्तात होतं तेच केलं. चूक माझी.

अंडी उबवण्याच्या सुरुवातीला मादीला असं उठवलं तर ती घरटं सोडून जाऊ शकते हे नंतर वाचलं. ती परत आली की नाही हे बघायला जाणं म्हणजे तिला पुन्हा त्रास, म्हणून गेले नाही. पण डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न असा: अशा रानात कुत्र्याला कायम पट्ट्यावरच ठेवावं का? बारा महिने? तिच्यावर तो अन्याय होईल का? तुम्ही काय करता?

मोकळावारा | २७ एप्रिल

वाईट वाटणं साहजिक आहे, पण म्हणून बारा महिने पट्टा हे मला पटत नाही. माझ्याकडे बॉर्डर कॉली आहे. रोज निदान अर्धा तास जीव तोडून पळाला नाही तर घरात वेडापिसा होतो, स्वतःच्या पायाचे केस चावत बसतो. कुत्र्यालाही मन असतं.

शिवाय रानात कोल्हे आहेत, बॅजर आहेत, हरणं आहेत. त्यांच्या पायांखाली फुलं चिरडत नाहीत का? एका बुंदीने शेकडो वर्षं टिकलेलं रान संपत नाही.

पानझड | २८ एप्रिल

मोकळावारा, तुमचा मुद्दा वरवर रास्त वाटतो, मीही आधी असंच म्हणायचो. गेली काही वर्षं लंडनच्या कडेच्या एपिंग फॉरेस्ट या जुन्या रानाच्या बाजूला राहतो आणि हिवाळ्यात तिथली हेझलची झुडपं छाटायला स्वयंसेवक म्हणून जातो. तिथे जे शिकलो ते जरा सविस्तर लिहितो.

आधी १६०० बद्दल. त्याआधी मुद्दाम रान लावायची पद्धत फारशी नव्हती. म्हणून तेव्हा जिथे रान होतं ते बहुधा आपोआप उगवलेलं आणि कितीतरी जुनं. स्कॉटलंडमध्ये हीच सीमा १७५० धरतात. अशी जमीन आता अख्ख्या युकेच्या फक्त अडीच टक्के उरली आहे.

आता महत्त्वाचं. जुनं रान म्हटलं की सगळे वर झाडांकडे बघतात, आणि एपिंगमधली बीच आणि हॉर्नबीम जातीची छाटलेली झाडं बघण्यासारखी आहेतच. पण कित्येक जुन्या रानांत झाडं तितकीशी जुनी नसतातही. जुनी असते ती माती. ती कधी नांगरली गेलेली नाही. तिच्यात बुरशीचे धागे आहेत, मुळांशी त्यांची देवाणघेवाण आहे, कंद आहेत. वुड ॲनिमोनी नावाचं पांढरं फूल आहे बघा, मार्चमध्ये येतं, ते शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरतं. तुमच्या वाटेकडेला त्याचा खोलीएवढा ताटवा दिसला तर हिशोब करा. ब्लूबेलला बी रुजल्यापासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात. पानं चिरडली की ते रोप त्या वर्षी कंदात पुरेसं अन्न साठवू शकत नाही, आणि तेच तेच तुडवलं गेलं की हळूहळू तिथून नाहीसं होतं. जगातल्या या जातीच्या ब्लूबेलपैकी साधारण निम्म्या युकेत आहेत.

कोल्ह्याचं म्हणाल तर कोल्हा त्याच्या ठरलेल्या वाटेने जातो आणि अशा रानात मोजकेच कोल्हे असतात. कुत्रे दिवसाला किती येतात ते कधी सुट्टीच्या दिवशी फाटकाशी उभं राहून मोजा. आणि ते सगळे घरी पोटभर जेवून आलेले असतात.

यावरून शीचा विषय. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव रानांत संशोधकांनी मोजमाप केलं, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. कुत्र्यांच्या शी-शूतून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस मातीत जात होता. हे खतच झालं. जुन्या रानाची माती त्याला सरावलेली नसते. खत मिळालं की खाजकुयलीच्या वळणाची ती इथली नेटल माजते आणि ॲनिमोनीसारखी नाजूक मंडळी मागे हटतात. त्याच अभ्यासात असंही होतं की मालकांनी शी उचलली तर फॉस्फरस ९७ टक्क्यांनी कमी होतो, नायट्रोजन मात्र ५६ टक्क्यांनीच, कारण उरलेला शूमधून येतो.

तेव्हा काठीने झुडपात ढकलून देणं हा उपाय नाही. पिशवीत भरून ती फांदीला अडकवणं तर त्याहून वाईट. घरी न्यायची.

इतिहासवेडा | २८ एप्रिल

छान चाललाय धागा. रानात कुत्रा नेण्यावरून वाद हा इथे निदान आठशे वर्षं जुना आहे, म्हणून थोडी भर.

नॉर्मन राजांच्या काळात 'फॉरेस्ट' म्हणजे झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीचा कायदा लागू असलेला मुलूख. त्यात गावं, माळ, गवत सगळं यायचं. तिथल्या लोकांनी कुत्रा पाळायचा तर राजाच्या हरणामागे तो धावू नये म्हणून त्याचा पुढचा पंजा तोडून अधू करत. १२१७ च्या चार्टर ऑफ द फॉरेस्टमध्ये याला मर्यादा घातली: तपासणी तीन वर्षांतून एकदाच, आणि पुढच्या पायाची तीनच नखं काढायची, तळव्याच्या गादीला हात लावायचा नाही. ज्याचा कुत्रा तसा सापडला नाही त्याला तीन शिलिंग दंड. ही सवलत होती, यावरून आधी काय होत असेल याची कल्पना करा.

इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्टमध्ये, लिंडहर्स्ट गावी, व्हर्डरर्स हॉल या रानाच्या जुन्या न्यायालयात एक मोठी लोखंडी रिकीब टांगलेली आहे. परंपरेने सांगतात की जो कुत्रा त्या रिकिबीतून जाऊ शकायचा तो लहान, त्याला सूट. बाकीच्यांचा पंजा जायचा. रिकीब स्वतः त्या काळाइतकी जुनी नाही, पण तिच्याखाली मी बराच वेळ उभा होतो. आमची डॅशहंड सहज गेली असती.

आज आपल्याकडून फक्त दोन मीटरचा पट्टा मागतात.

भटकभवानी | २८ एप्रिल

पानझड यांना अनुमोदन. इतिहासवेडा, पंजाचं हे माहीतच नव्हतं, वाचून काटा आला.

औषधपेटी | २९ एप्रिल

पायवाट, तू लगेच मागे फिरलीस हे बरोबर केलंस गं. मी प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून रानाच्या नव्हे, कुत्र्याच्या बाजूने लिहिते. वाटेवर राहण्यात त्याचाही फायदा आहे.

गोचीड. आमच्याकडे वसंतापासून शरदापर्यंत रोज कोणी ना कोणी गोचीड लागलेला कुत्रा घेऊन येतं. ती हवेतून उडी मारत नाही. गवताच्या किंवा नेच्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि जो घासून जाईल त्याला धरते. म्हणजे वाटेच्या मधोमध चालणाऱ्याला कमी, झुडपात घुसणाऱ्याला जास्त. पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, स्पॅनियलच्या केसांत दिसत नाही. घरी आल्यावर बोटांच्या टोकांनी चाचपायचं: कानाच्या आत आणि मागे, पापण्या, काखा, जांघा, पंजांच्या बोटांमध्ये, गळपट्ट्याखाली. काढायला गोचिडीचा आकडा मिळतो, तो कातडीलगत सरकवून हलकेच फिरवत काढायची. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश काही नको, त्याने ती उलट लाळ ओकते. जितक्या लवकर निघेल तितका लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या आजाराचा धोका कमी. आणि स्वतःलाही तपासा. चावल्या जागेभोवती लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरकडे जायचंच, तो तीन दिवसांपासून तीसेक दिवसांपर्यंत कधीही उठू शकतो.

तोंडात जाणाऱ्या गोष्टी: ब्लूबेल विषारी आहे, कंद सगळ्यात जास्त. रानलसूण माणसं आवडीने खुडतात पण कुत्र्याला कांदा-लसणाच्या कुळातलं काहीच चालत नाही, तांबड्या पेशी फुटतात. शरदात ओकची फळं, त्यात टॅनिन असतं. यू झाड तर प्राणघातक. डॉग्ज मर्क्युरी हे नाव ऐकून कुत्र्याचं औषध समजू नका, तेही विषारी. वनस्पतीच्या नावात 'डॉग' म्हणजे इंग्रजीत बहुतेकदा 'खोटं, कमअस्सल' असा अर्थ असतो, जसं वास नसलेलं डॉग व्हायोलेट.

ॲडर सापाने चावलं तर कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून आणायचं आणि निघतानाच दवाखान्यात फोन करायचा. चोखणं, आवळून बांधणं नाही.

हिवाळ्यात चिखलातून आल्यावर पाय आणि पोट धुऊन कोरडं करा. अलाबामा रॉट नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार इथे २०१२ पासून दिसतोय, बहुतेक केसेस नोव्हेंबर ते मे. कारण अजून सापडलेलं नाही, म्हणून खबरदारी एवढीच. गुडघ्याखाली न भरणारी जखम दिसली तर थांबू नका.

एक गोष्ट मात्र आपल्यामुळे रानाला होते. मानेवर टाकतात त्या पिसवांच्या औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, दोन्ही कीटकनाशकं. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात इंग्लंडच्या २० नद्यांच्या पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं. औषध टाकल्यावर लगेच रानातल्या ओढ्यात डुंबू देऊ नका. पाकिटावर किती दिवस ते लिहिलेलं असतं. वर्षभर सवयीने टाकायचं की गरजेनुसार, हे आपल्या व्हेटला विचारा.

मोकळावारा | २९ एप्रिल

पानझड, ॲनिमोनीचं वाचून थांबलो. सहा फूट शंभर वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या वाटेवर एक मोठा ताटवा आहे आणि आमचा गडी त्यातूनच चेंडू आणायला जातो. तिथे आता चेंडू फेकणार नाही.

पण माझा प्रश्न तसाच आहे. कॉलीचं पळणं कुठे करू? आणि कायदा नक्की काय सांगतो? एक जण म्हणतो पट्टा सक्तीचा, दुसरा म्हणतो नाही.

पानझड | ३० एप्रिल

दोघेही बरोबर असू शकतात, जागेवर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने खुल्या केलेल्या 'ॲक्सेस लँड'वर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर हवाच, आणि गुरं-मेंढ्यांजवळ वर्षभर. नुसत्या सार्वजनिक पायवाटेवर पट्ट्याची सक्ती नाही. पण तिथे आपला हक्क वाटेपुरता. कंट्रीसाइड कोडचं, म्हणजे गावाकडे-रानात फिरण्याच्या सरकारी आचारसंहितेचं म्हणणं: कुत्रा नजरेसमोर हवा, हाक मारली की येईल याची खात्री हवी, आणि जिथे आपल्याला जायची मुभा आहे त्याबाहेर तो जाता कामा नये. वुडकॉक, विलो वॉर्बलर हे जमिनीवर घरटं करतात, नाइटिंगेल जमिनीलगत. पायवाटेपासून दोन पावलांवरही असू शकतं.

काही ठिकाणी वेगळे नियम असतात. बर्नहॅम बीचेस, स्लाउजवळचं, तिथे रानाच्या एका भागात पट्टा सक्तीचा आहे, बाकीच्या भागात कुत्रा ताब्यात असेल तर मोकळा चालतो. मला ही विभागणी आवडते. फाटकावरची पाटी वाचायची सवय लावा.

पळण्याचं: कुत्र्यांसाठी तासावर भाड्याने मिळणारी कुंपणाची मैदानं आता बऱ्याच ठिकाणी आहेत. कॉलीला तिथे पळवा आणि रानात चालवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला फार उशिरा कळलं.

धुकंवाट | १ मे

स्कॉटलंडहून. इथे फिरायची मुभा जास्त आहे, २००३ च्या कायद्याने जवळजवळ सगळीकडे, पण जबाबदारीने. एप्रिल ते जुलै पक्ष्यांची घरटी असतात तिथे कुत्रा आखूड पट्ट्यावर किंवा पायाशी. आमच्या जुन्या पाइनच्या रानांत कॅपरकेली हा टर्कीएवढा पक्षी जमिनीवर अंडी घालतो आणि तो आता फार थोडा उरलाय. इथे तर मी ऑगस्ट संपेपर्यंत पट्टा काढत नाही.

माझा लॅब्राडोर-मिश्र आहे, बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आणलेला, पूर्वी हरणांमागे जायचा. एकदा पन्नास मिनिटं सापडला नव्हता. आला तेव्हा जीभ निळसर, एक पंजा फाटलेला. हरणाचं काय झालं कोण जाणे, त्या दिवसांत माद्या गाभण असतात. त्यानंतर लांब दोरी घेतली. अनुभवाचे चार शब्द: दोरी छातीभोवतीच्या हार्नेसला बांधा, गळपट्ट्याला कधीच नाही, हिसका बसला तर मानेला इजा होते. नायलॉनने तळहात भाजतो, बायोथेनची, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पट्टीची घ्या, ती चिखलही धरत नाही. मोकळ्या रुंद वाटेवर आठ-दहा मीटर सोडा, फुलांच्या भागात गुंडाळून दोन मीटरवर आणा, नाहीतर कुत्र्याऐवजी दोरीच फुलं झोडपते. मनगटाला वेढा घालू नका.

आणि पायवाट, अन्यायाचं विचारलंत म्हणून सांगते: वेग कमी करा. आधी मी चालायचे आणि तो ओढला जायचा. आता तो थांबला की मी थांबते. तो हुंगून पुढे निघेपर्यंत उभी राहते. पाऊण तासात अर्धा मैल होतो. घरी येऊन तो असा झोपतो, जसा पूर्वी दोन तास पळूनही झोपत नसे.

औषधपेटी | १ मे

धुकंवाट, शेवटच्या परिच्छेदाला +१. वास घेण्याचं काम थकवणारं असतं, हे आम्ही पायाचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांच्या मालकांनाही सांगतो.

पायवाट | १४ जून

उशिरा लिहितेय, पण सांगायला काहीतरी हवं म्हणून थांबले होते.

दोरी आणली, पाच मीटरची. पहिले आठ-दहा दिवस कठीण गेले. बुंदी टोकापर्यंत जायची, हिसका बसायचा, मागे वळून माझ्याकडे बघायची. ते बघणं मला सहन होत नव्हतं. मग धुकंवाट यांनी सांगितलं तसं वेग सोडला. ती थांबली की मी थांबते.

तीन वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. वाटेला समांतर एक मातीचा उंचवटा आहे, गुडघ्याएवढा, बाहेरच्या बाजूला बुजत आलेला चर. मी तो रोज ओलांडत होते. बुंदी तिथे रोज थांबते आणि उंचवट्याच्या अंगाने हुंगत जाते. शेवटी एका स्थानिक माणसाला विचारलं, तर तो वुडबँक निघाला: रानाची जुनी हद्द, गुरांनी आत येऊन कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून कोणीतरी कुदळीने घातलेला बांध. त्यावर एक हॉर्नबीम आहे, पुन्हा पुन्हा छाटून त्याचा बुंधा इतका वेडावाकडा फुगलाय की त्यात ढोली झाली आहे. बुंदी पुढचे पाय बांधावर टेकवून ढोलीशी नाक नेते. आत जात नाही. नाकपुड्या बारीक बारीक हलतात, कान मागे, शेपटी अगदी स्थिर. आत काय आहे मला माहीत नाही. वटवाघळं असतील, उंदीर असेल. मी आत बॅटरी मारली नाही.

काल त्याच ठिकाणी सात मिनिटं उभ्या होतो. मी घड्याळ बघितलं म्हणून कळलं.

औषधपेटी, रोज चाचपते गं. आतापर्यंत तीन सापडल्या, तिन्ही डाव्या कानामागे. बहुतेक त्याच बांधावरच्या नेच्यातल्या, कारण ती डाव्या अंगाने घासून चढते. आता उजवीकडून चढवते.

ब्लूबेल कधीच संपल्या, आता त्यांच्या वाळक्या शेंगा आहेत. एप्रिलमध्ये बुंदी जिथून घुसली होती तिथे अजून एक पट्टा आडवा पडलेला दिसतो, तेवढ्यात शेंगा नाहीत.

मोकळावारा | १४ जून

आमच्याकडे गुरुवारी मैदान, रविवारी रान असं चालू आहे. रविवारी पट्ट्यावर. ॲनिमोनीची पानं आता पिवळी पडून गेलीत, पण जागा खुणेने लक्षात ठेवली आहे, मार्चमध्ये मोजतो किती बाय किती आहे ते. तुमच्या रानातल्या ताटव्याचंही माप घेऊन ठेवाल का? पुढच्या वर्षी इथेच टाकू.

पायवाट | १५ जून

नक्की. टेप घेऊन जाईन, वाटेवरूनच जेवढं मोजता येईल तेवढं.